पाळीव प्राणी सांभाळण्याचा दर कसा ठरवायचा: दारापासून दारापर्यंतचा हिशेब

घरचे बाहेरगावी असताना त्यांच्या प्राण्याकडे बघायला जाण्याचं, म्हणजे पेट सिटिंगचं, ‘अर्ध्या तासाची फेरी’ म्हणून घेतलेलं काम जवळजवळ कधीच अर्ध्या तासात संपत नाही. घरातून निघायचं, पोचायचं, कुलूप उघडायचं, मांजर पलंगाखालून बाहेर येण्याची वाट बघायची. मग खाणं, पाणी, लिटर बॉक्स (मांजराच्या शी-शूची पेटी) साफ करणं, थोडा खेळ. फोटो पाठवायचा, घरच्यांच्या दोन प्रश्नांना उत्तरं द्यायची, दारं-खिडक्या तपासायच्या आणि परत यायचं. दर मात्र मधल्या ३० मिनिटांचाच लावला जातो.

पेट सिटिंगचे बहुतेक दर इथेच फसतात, आणि त्याचा भुर्दंड शेवटी प्राण्यावर पडतो. दर कमी म्हणून जास्त घरं धरावी लागतात. घरं वाढली की घाई होते, आणि घाईत नजरेतून सुटतं ते नेमकं महत्त्वाचं असतं: पाण्याचं भांडं कालच्याइतकंच भरलेलं आहे, लिटर बॉक्स कोरडा आहे, ससा कोपऱ्यात बसून आहे. म्हणून रास्त दराची माझी कसोटी एकच आहे. ज्या दरात तुम्हाला प्राण्याच्या वाट्याची मिनिटं कापावी लागत नाहीत आणि घरच्यांना आपण नक्की कशाचे पैसे देतोय हे कळतं, तो दर रास्त.

खालच्या हिशेबात मी कुठलंही चलन घेतलेलं नाही, नुसती ‘एककं’ घेतली आहेत. आकड्यांपेक्षा त्यांची एकमेकांशी असलेली प्रमाणं बघा, आणि मग आपल्या चलनात आपले आकडे भरा.

तुमचा एक तास केवढ्याला पडतो?

सुरुवात बाजारभावापासून करू नका. आधी स्वतःच्या महिन्यापासून करा.

समजा, महिन्याला तुम्हाला ६०० एककं हातात हवी आहेत. या कामाचा खर्च ११० एककं आहे. त्यात येण्याजाण्याचं इंधन किंवा तिकिटं, फोन, हातमोजे, कचऱ्याच्या पिशव्या, टॉवेल, विमा असेल तर त्याचा हप्ता, अंगावरचे कपडे सारखे धुवावे लागतात त्याचा खर्च, असं सगळं आलं. करासाठी ८० बाजूला ठेवलीत. आजारपण आणि सुट्टीसाठी ५०, कारण या कामात पगारी रजा नसते. बेरीज झाली ८४०.

आता तास. महिन्याला १६० तास काम करायची तुमची तयारी आहे. त्यातले २० तास हिशेब, नव्या लोकांचे फोन आणि पहिल्या भेटी यांत जातात. आणखी २० तास रिकामे जातात, कारण रोज सगळ्या वेळा भरतातच असं नाही. उरले १२० तास. ८४० भागिले १२०, म्हणजे तासाला ७ एककं.

बरेच जण इथे ६०० ला १६० ने भागतात आणि ३.७५ काढतात. खऱ्या आकड्याच्या जेमतेम निम्मं. सहा महिने या दराने काम केलं की माणूस दमतो, चिडचिडा होतो, आणि काम सोडतो तेव्हा त्याच्यावर विसंबलेली घरं आणि प्राणी उघड्यावर पडतात.

रिकामे तास मुळीच धरू नयेत असं वाटण्याचा मोह होईल. धराच. गर्दीच्या महिन्यांत ते कमी असतील, मंदीच्या महिन्यांत जास्त. वर्षाची सरासरी घ्या. नुकती सुरुवात केली असेल आणि अंदाजच नसेल, तर उपलब्ध तासांपैकी दोन तृतीयांश भरतील असं धरून चाला आणि तीन महिन्यांनी पुन्हा हिशेब मांडा. सुरुवातीचे महिने याहूनही रिकामे जाऊ शकतात, पण ती भरपाई पहिल्या दोन-तीन घरांकडून वसूल करू नका. ती धंदा उभा करण्याची गुंतवणूक आहे.

फेरीचा दर

आता प्रत्येक फेरीची पूर्ण वेळ मोजा. तुमच्या दारातून निघाल्यापासून परत येईपर्यंत, आणि वर निरोप-फोटोंची मिनिटं.

जाणं १५ मिनिटं, येणं १५, घरात ३०, निरोप आणि नोंद १०. एकूण ७० मिनिटं. तासाला ७ या दराने ८.१७. म्हणजे अर्ध्या तासाच्या फेरीचा दर साधारण ८.

आता तेच घर, पण फेरी एक तासाची. एकूण १०० मिनिटं, दर ११.६७. फेरीची वेळ दुप्पट झाली, दर मात्र जेमतेम दीडपटीच्या आत राहिला. उलट २० मिनिटांची फेरी घेतली तर एकूण ६० मिनिटं होतात आणि दर ७. दहा मिनिटं कमी करून घरच्यांचं फक्त एक एकक वाचतं, प्राण्याच्या वाट्याची सोबत मात्र एक तृतीयांशाने घटते. हे गणित घरच्यांना शांतपणे दाखवा. ‘थोडा वेळच थांबा, पैसे कमी घ्या’ असं म्हणणारी बरीच माणसं हे आकडे बघितल्यावर स्वतःच लांब फेरी मागतात. माझ्या मते २० मिनिटांहून छोटी फेरी दरपत्रकात असूच नये. तेवढ्यात खाणं ठेवून होतं, प्राण्याकडे बघून होत नाही.

दिवसातून दोन फेऱ्या म्हणजे येणंजाणंही दोनदा. म्हणून दुसऱ्या फेरीला सूट देताना जपून. सूट द्यायचीच तर निरोप आणि नोंदीची वेळ वाचते तेवढीच द्या.

अंतराचा परिणाम इतका मोठा आहे की त्यावर वेगळं लिहायला हवं. जाण्यायेण्याला ७-७ मिनिटं लागणाऱ्या घराची अर्ध्या तासाची फेरी ५४ मिनिटांत होते: दर ६.३. अर्धा-अर्धा तास लागणाऱ्या घराची तीच फेरी १०० मिनिटं खाते: ११.६७, शिवाय जास्तीचं इंधन. काम तेच, मांजर तेच, आणि दर जवळजवळ दुप्पट. म्हणून सगळ्यांना एकच दर लावणं दिसायला सोपं असलं तरी त्यात जवळचा माणूस लांबच्या माणसाचा प्रवासखर्च भरत असतो. नकाशावर घराभोवती दोन किंवा तीन वर्तुळं काढा, प्रत्येक वर्तुळाचा दर वेगळा ठेवा, आणि शेवटच्या वर्तुळाबाहेरचं काम घेऊ नका. एकाच इमारतीत किंवा शेजारी-शेजारी दोन घरं मिळाली की प्रवास वाटला जातो. वरच्याच आकड्यांनी दोन घरांची मिळून ११० मिनिटं होतात, घरटी ५५. ही सूट मनापासून द्यावी अशी आहे, कारण ती कुणाच्याच वेळेतून कापलेली नसते.

किती फेऱ्या? इथे घासाघीस नको

दराची बोलणी सुरू झाली की पहिला सूर असतो ‘मग एक दिवसाआड या’. दर किती घ्यायचा हा तुमचा आणि घरच्यांचा प्रश्न आहे. फेऱ्या किती हव्यात हे मात्र प्राण्याच्या शरीरावरून ठरतं.

मांजराला दिवसातून किमान एक फेरी. मांजर एकटं राहू शकतं हे खरं, पण ते आजारी पडलं की लपतं. बोक्याची लघवी अडली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर, विशेषतः ते लठ्ठ असेल तर, यकृतात चरबी साठण्याचा गंभीर आजार होऊ शकतो. एक दिवसाआड जाणाऱ्याला हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

सशाला दोन फेऱ्या. सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं. दहा-बारा तास त्याने खाल्लं नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा लागतो. गिनिपिगचंही तसंच. शिवाय त्याचं शरीर क जीवनसत्त्व स्वतः बनवत नाही, त्यामुळे ताजा भाजीपाला रोज लागतो.

कुत्र्याच्या पिल्लासाठी ढोबळ आडाखा असा आहे की जितक्या महिन्यांचं पिल्लू, साधारण तितके तास ते दिवसा लघवी रोखू शकतं. तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून दोन फेऱ्या म्हणजे त्याचे हाल. तिथे दिवसभराची सोबत किंवा तुमच्या घरी ठेवणं हेच योग्य, आणि घरच्यांना ते परवडत नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. मोठ्या, निरोगी कुत्र्यालाही दिवसातून तीनदा तरी बाहेर काढावं लागतं. म्हणजे मुक्काम, रात्री प्राण्याच्या घरीच राहणं, फेऱ्यांपेक्षा महाग असला तरी कुत्र्याला बहुतेक वेळा बरा पडतो. हे तुम्ही आपणहून सांगा.

माशांचं उलटं आहे. निरोगी मोठे मासे दोन-तीन दिवस खाण्याशिवाय सहज राहतात, आणि जास्त खाणं टाकलं तर पाणी बिघडतं. तिथे रोजच्या फेऱ्या विकू नका. घरच्यांकडून खाण्याच्या पुड्या मोजून घ्या आणि फिल्टर, हीटर चालू आहेत ना हे बघण्यापुरत्या फेऱ्या ठेवा. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत दिवा किंवा उष्णतेचं साधन बंद पडणं हा मोठा धोका, त्यामुळे तिथे फेरी छोटी चालते पण रोज लागते. पक्षी आजार अगदी शेवटपर्यंत झाकतात. त्यांच्याकडे रोज निवांत बघणारं कुणीतरी हवंच.

मुक्कामाचा दर

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. बारा तास गुणिले सात केले तर ८४ येतात, आणि एवढे कुणी देणार नाही. म्हणून लोक अंदाजाने काहीतरी आकडा सांगतात, तो बहुधा दोन-अडीच फेऱ्यांइतका असतो, आणि मग रात्रभर अडकून पडल्याची खंत मनात राहते.

बारा तासांचे तीन ढीग करा. संध्याकाळी ७ ते सकाळी ७ धरू. प्रत्यक्ष कामाचे, म्हणजे फिरवणं, खाऊ घालणं, खेळ, साफसफाई, सकाळची फेरी यांचे ३ तास: पूर्ण दराने २१. नुसत्या हजेरीचे, म्हणजे तुम्ही तुमचं वाचन किंवा लॅपटॉपवरचं काम करताय आणि कुत्रं पायाशी बसलंय, असे २ तास: निम्म्या दराने ७. झोपेचे ७ तास: सातव्या हिश्श्याने, तासाला १, म्हणून ७. बेरीज ३५. येण्याजाण्याचा अर्धा तास आणि निरोपांची १० मिनिटं धरली की साधारण ४०. म्हणजे अर्ध्या तासाच्या फेरीच्या पाचपट.

हे ढीग करण्याचा खरा फायदा पुढे दिसतो. म्हातारा कुत्रा रात्री तीनदा उठतो, त्याला बाहेर न्यावं लागतं. मग ते सात तास झोपेचे राहत नाहीत, हजेरीचे होतात, आणि त्यांचे ७ ऐवजी २४.५ होतात. मुक्काम ४० वरून ५७ वर जातो. ‘म्हाताऱ्या कुत्र्याचे जास्त पैसे’ असं म्हटलं तर घरच्यांना वाईट वाटतं. ‘रात्री तीनदा उठावं लागतं, ती झोप धरता येत नाही’ असं म्हटलं तर पटतं, कारण ते स्वतः रोज उठत असतात.

झोपेच्या तासांना सातवाच हिस्सा का? नियम असा काही नाही. तुम्ही परक्या घरी, परक्या पलंगावर झोपणार आहात, त्या रात्री दुसरं काम घेऊ शकत नाही आणि स्वतःच्या घरापासून दूर आहात. या सगळ्याचं मोल शून्य नसतं. ते तुमच्यासाठी किती आहे हे तुम्हीच ठरवा. लहान मूल किंवा आजारी माणूस घरी सोडून जाणाऱ्याचं मोल जास्त असणार आणि तसं असण्यात काही गैर नाही.

एकटं राहूच न शकणारा कुत्रा हे वेगळं प्रकरण आहे. घरात माणूस नसलं की तो भुंकतो, दार कुरतडतो, स्वतःला इजा करून घेतो. त्याच्याकडे मुक्काम म्हणजे दिवसाही बाहेर पडता येत नाही, म्हणजे त्या दिवसांतल्या तुमच्या बाकीच्या सगळ्या फेऱ्या बुडतात. इथे तासांचे ढीग बाजूला ठेवा आणि त्या दिवशी एरवी किती मिळालं असतं ते मोजा. दर त्याच्या खाली जाऊ नये. आणि ही गोष्ट पहिल्या भेटीतच सरळ विचारा: ‘हा एकटा किती वेळ राहतो?’ उत्तर ‘माहीत नाही, आम्ही कधी सोडलंच नाही’ असं आलं तर तो राहत नाही असंच धरा.

तुमच्या घरी ठेवणं

प्रवास वाचतो म्हणून बोर्डिंगचा दर मुक्कामापेक्षा कमी ठेवता येतो. पण तुमची झोप, तुमचं फर्निचर, धुणं, शेजाऱ्यांची सहनशीलता हे सगळं खर्चात धरा. एका वेळी किती प्राणी घ्यायचे तो आकडा आधी पक्का करा, आणि दर काढताना त्यातल्या निम्म्याच जागा भरतील असं धरा. जागा नेहमी भरलेल्या असतील असं धरून दर काढला की रिकामी जागा डोळ्यांत खुपायला लागते, आणि एकमेकांशी न जमणारे प्राणीही एकत्र घेतले जातात. तुमच्या भागात घरी प्राणी ठेवायला परवाना लागतो का, घरमालकाची किंवा सोसायटीची परवानगी हवी का, हे काम सुरू करण्याआधी बघा. लसीकरणाची नोंद पाहिल्याशिवाय कुणालाही घरात घेऊ नका.

दुसरा प्राणी आणि औषधं

दुसऱ्या प्राण्यासाठी सरसकट ‘निम्मा दर’ लावण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. मिनिटं मोजा. दुसऱ्या मांजराचं खाणं आणि लिटर बॉक्स मिळून ७-८ मिनिटं वाढतात, म्हणजे सुमारे १ एकक. मांजरांच्या घरात प्राण्यांपेक्षा लिटर बॉक्स मोजणं जास्त खरं ठरतं. मांजरांच्या संख्येहून एक जास्त बॉक्स ठेवावा असा सल्ला पशुवैद्य देतात, त्यामुळे नीट सांभाळलेल्या तीन मांजरांच्या घरात चार बॉक्स असू शकतात. दोन कुत्री एकाच वेळी फिरवता येत असतील तर वाढ थोडी. पट्टा ओढणारी, एकमेकांवर गुरगुरणारी असतील तर दोन वेगळ्या चकरा होतात, २५ मिनिटं वाढतात आणि जवळजवळ ३ एककं.

खाण्यात मिसळून दिलेली गोळी फुकट द्यावी, त्यात वेळ जात नाही. धरून गोळी गिळवावी लागत असेल तर त्याची मिनिटं धरा. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या मांजराला त्वचेखाली सलाइन द्यायचं असेल तर त्याला शांत करण्यासकट १५ मिनिटं सहज लागतात. ते काम तुम्ही त्याच्या पशुवैद्याकडून शिकून घेतलेलं असलं आणि तुमच्याकडच्या नियमांत बसत असलं तरच घ्या.

इन्शुलिनचं गणित मात्र वेगळं आहे. सुई टोचायला काही सेकंद लागतात, म्हणून बरेच जण त्याचे जास्त पैसे घेत नाहीत. पण इन्शुलिन साधारणपणे दर १२ तासांनी, खाण्यासोबत द्यायचं असतं. म्हणजे सकाळी ७ आणि संध्याकाळी ७ या वेळा ठोकून बसल्या. नेमक्या याच वेळा बाकी सगळ्यांनाही हव्या असतात. या घरामुळे तुमच्या सकाळ-संध्याकाळच्या उरलेल्या फेऱ्यांचा क्रम बिघडतो, कधी एखादं घर सोडावं लागतं. दर सुईचा घेऊ नका, बांधलेल्या वेळेचा घ्या. मधल्या वेळेतल्या कुठल्याही ठरलेल्या फेरीला हेच लागू. घरच्यांनी ‘११ ते २ मध्ये कधीही चालेल’ म्हटलं तर साधा दर, ‘बरोबर ७ ला’ म्हटलं तर वाढीव. आणि प्राण्याने खाल्लं नाही किंवा उलटी केली तर इन्शुलिन देण्याआधी पशुवैद्याला विचारायचं, हे घरच्यांसमोर आधीच ठरवून, पशुवैद्याचा नंबर लिहून घ्या.

आता बाजारभाव बघा

स्वतःचा आकडा हातात आल्यावरच आजूबाजूचे दर बघा. बघताना फेरी किती मिनिटांची, किती प्राण्यांची, सुट्टीच्या दिवसाचा दर वेगळा आहे का, हे विचारून तुलना करा. नुसत्या आकड्यांची तुलना फसवी असते.

तुमचा आकडा बाजाराहून थोडा जास्त आला तर घाबरून जाऊ नका. विश्वासू माणसाला लोक थोडं जास्त देतात. बराच जास्त आला तर दर कापण्याआधी प्रवास कापा: वर्तुळ लहान करा, एकाच भागातली घरं जोडा. त्यानेही जमत नसेल तर १६० तासांतला रिकामा वेळ कमी कसा होईल ते बघा. प्राण्याजवळची मिनिटं कमी करून दर खाली आणणं हा पर्यायच धरू नका. आणि आकडा बाजाराहून कमी आला, तर बाजारभावाजवळ या. फार स्वस्त दर बघून लोकांना शंका येते, आणि याच कामावर घर चालवणाऱ्या तुमच्या शेजारच्या सिटरचंही नुकसान होतं.

एखाद्या अ‍ॅपमधून काम घेत असाल तर कमिशनचं गणित नीट करा. तुम्हाला ८ हातात हवेत आणि कमिशन २० टक्के आहे. आठावर २० टक्के चढवून ९.६ लावले तर कापून हातात ७.६८ येतात. ८ ला ०.८ ने भागायचं: १० लावायचे. फरक छोटा दिसतो, पण तो प्रत्येक फेरीत जातो.

नवे असाल तर सुरुवातीची सूट द्यायला हरकत नाही. फक्त बिलावर पूर्ण दर लिहा, खाली सूट वेगळी दाखवा आणि ती कोणत्या तारखेपर्यंत आहे तेही लिहा. तसं न करता नुसता कमी दर सांगितला तर तोच तुमचा दर होऊन बसतो. ओळखीच्यांकडून आणि नातेवाइकांकडून एक तर पूर्ण दर घ्या, नाहीतर काहीच घेऊ नका. अर्धवट पैशांत दोन्ही बाजूंना आपणच उपकार केल्यासारखं वाटतं, आणि पुढे बोलायची चोरी होते.

गर्दीचे दिवस, रद्द झालेलं काम, लांबलेला प्रवास

सणासुदीला आणि लांब सुट्ट्यांत जास्त दर घेणं रास्त आहे, कारण तुम्हीही तुमच्या माणसांपासून दूर राहून काम करता. पण ते दिवस तारखांसकट वर्षाच्या सुरुवातीलाच दरपत्रकात असावेत. माणसं तिकिटं काढून बसल्यावर दर वाढवणं म्हणजे अडवणूक. किती वाढवायचं, तर त्या दिवशी घरी न थांबता काम करायला तुम्ही मनापासून तयार व्हाल इतकं. ‘पैसे मिळतात म्हणून जातोय’ अशी कुरकुर मनात उरत असेल तर त्या दिवशी काम घेऊच नका.

रद्द करण्याचा नियम असा ठेवा की तो दिवस पुन्हा भरण्याची तुमची संधी जितकी कमी, तितकी रक्कम जास्त. साध्या दिवसांत दोन-तीन दिवस आधी कळवलं तर काहीच घेऊ नये, आदल्या दिवशी कळवलं तर निम्मी रक्कम. गर्दीच्या दिवसांत दोन आठवडे आधीपर्यंत अ‍ॅडव्हान्स परत, त्यानंतर नाही. घरात कुणी गेलं किंवा प्राणीच दगावला असेल तर नियम बाजूला ठेवून सगळे पैसे परत करावेत. आणि हा नियम तुम्हालाही लागू आहे: तुम्ही ऐनवेळी रद्द केलंत तर अ‍ॅडव्हान्स पूर्ण परत, आणि बदली माणूस शोधून देण्याची जबाबदारी तुमची. त्यासाठी जवळपासच्या एखाद्या भरवशाच्या सिटरशी आधीच बोलून ठेवा, आणि त्याचं नाव घरच्यांना कळवा.

विमान उशिरा आलं, रस्ता बंद झाला, तर? प्राण्याला उपाशी ठेवता येत नाही, त्यामुळे फेरी होणारच. ती साध्या दरानेच व्हावी असं माझं ठाम मत आहे. अडकलेल्या माणसाकडून दंडासारखा दर घेऊ नये. घरचे लवकर परतले तर उरलेल्या दिवसांचं काय, हेही आधीच लिहा. निम्मे परत करणं दोघांनाही परवडतं.

पशुवैद्याकडे न्यावं लागलं तर त्यांचं बिल घरच्यांचं, तुमच्या वेळेचा तुमचा तासाचा दर. यासाठी काम सुरू होण्याआधी लेखी परवानगी हवी: कोणता दवाखाना, फोन लागला नाही तर किती खर्चापर्यंत उपचार सुरू करायचे, पैसे कसे भरायचे. हा आकडा विचारताना अवघडल्यासारखं होतं. तरीही विचारा. रात्री ११ वाजता धापा टाकणारा कुत्रा समोर असताना तो आकडा माहीत नसणं फार वाईट.

दरपत्रक

एका पानाचं करा. साधारण असं:

‘घरी फेरी, ३० मिनिटं, एक प्राणी: … जवळच्या भागासाठी, … लांबच्या भागासाठी. यात खाणं, पाणी, लिटर बॉक्स किंवा बाहेरची चक्कर, एक फोटो आणि निरोप. ठरावीक वेळेलाच हवी असेल तर अधिक … . दुसरा प्राणी: भेटीत बघून, वाढणाऱ्या वेळेप्रमाणे. रात्रीचा मुक्काम, संध्याकाळी ७ ते सकाळी ७: … . रात्री उठावं लागत असेल तर … . मुक्कामात दिवसा सलग जास्तीत जास्त ४ तास प्राणी एकटा राहील. पशुवैद्याकडे नेणं: तासाला … .’

‘सलग जास्तीत जास्त ४ तास’ यासारखी ओळ नक्की घाला. मुक्काम म्हणजे सिटर दिवसभर घरातच असेल असं घरच्यांना वाटत असतं, आणि सिटरला वाटतं दिवस आपला. भांडणं बहुतेक याच जागी होतात.

पहिली भेट फुकट ठेवा. तिची वेळ वरच्या २० तासांत आलेली आहे. पण मुक्काम मोठा असेल, प्राणी भित्रा किंवा आजारी असेल, तर आधी एक रात्र पैसे घेऊन राहून बघा. एका रात्रीत तुम्हाला झोपेचे तास खरोखर झोपेचे आहेत का ते कळतं, आणि मोठ्या मुक्कामाचा दर अंदाजावर सांगावा लागत नाही.

दर तपासणं आणि वाढवणं

पहिला महिनाभर प्रत्येक फेरीची निघण्याची आणि परतण्याची वेळ वहीत लिहा. ७० मिनिटं धरलेली फेरी सातत्याने ८५ मिनिटं घेत असेल तर कारण शोधा. कधी रस्त्यावर वाहतूक जास्त असते, कधी घरचे दिवसातून सहा वेळा व्हिडिओ मागतात, कधी झाडांना पाणी, टपाल, कचरा अशी कामं हळूहळू चिकटलेली असतात. त्या कामांना नाही म्हणा किंवा त्यांची मिनिटं जोडा. सहन करत राहिलात तर ती मिनिटं मांजराच्या खेळातून जातील.

दर वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात बघा. जुन्या लोकांना दोन महिने आधी कळवा, आणि त्यांनी आधीच नोंदवलेल्या तारखांना जुनाच दर ठेवा. निरोप लांबवू नका: ‘… महिन्याच्या १ तारखेपासून अर्ध्या तासाच्या फेरीचा दर … वरून … होईल. तुम्ही आधी सांगितलेल्या तारखांना जुनाच दर राहील. फेरीची वेळ आणि कामं आहेत तशीच.’ माफी मागू नका, खर्चाची यादी देऊ नका. कुणी विचारलं तर वही दाखवा.

मधल्या काळात दर बदलायची वेळ येते ती प्राणी बदलला म्हणून. जो कुत्रा तीन वर्षांपूर्वी जिना उतरून धावत जायचा तो आता उचलून न्यावा लागतो. मांजराला गोळ्या सुरू होतात. तेव्हा वर्षअखेरीची वाट बघू नका. पुढच्या मुक्कामाआधी पुन्हा एक भेट घ्या, नव्याने मिनिटं मोजा आणि घरच्यांसमोर बसून त्या प्राण्यापुरता नवा दर ठरवा.